डाव्या हाताच्या चार कळा

कीबोर्डवर डावीकडे, सगळ्यात खालच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरं एकमेकांना खेटून बसली आहेत. कंट्रोलबरोबर दाबली की केलेलं मागे घेता येतं, मजकूर कापता येतो, कॉपी करता येतो, चिकटवता येतो. सी म्हणजे कॉपी हे शाळकरी पोरही सांगेल. पण पेस्टला पी का नाही?

ठाऊक असलेला इतिहास थोडक्यात असा: १९७०च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी एका पाठ्यपुस्तक-प्रकाशकासाठी ‘जिप्सी’ हा प्रोग्रॅम रचला आणि संपादकांची कात्री-गोंदाची रीत पडद्यावर आणली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. ॲपलच्या १९८३च्या लिसा या संगणकावर ही चार अक्षरं आली, तिथून मॅकिंटॉशवर आणि मग विंडोजवर.

अक्षरांचा खुलासा टेस्लर यांनीच नंतर केला. एक्स ही खोडण्याची फुली. राहून गेलेला शब्द घालायला मुद्रितशोधक ओळीखाली टोपीसारखी खूण करतात, ती उलटी केली की व्ही. झेडच्या तीन रेघा म्हणजे पुढे जाणं, मागे येणं, पुन्हा पुढे जाणं. खुलासा देखणा आहे, पण माझं समाधान त्यानं होत नाही. खोडण्याची फुली डिलीटलाही तितकीच शोभली असती. शिवाय झेड हे बाकीच्या तिघांच्या शेजारी आहे, हेही टेस्लर यांनीच सांगितलं आहे. माझ्या मते खरं कारण तो शेजारच, आणि त्याचं मूळ लिसाच्या पंधरा वर्षं मागे सापडतं.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी आपल्या संगणक-यंत्रणेचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्याची चित्रफीत पाहणारे सगळे उजव्या हाताकडे पाहतात, कारण तिथे माउस आहे. मी डाव्या हाताकडे पाहत राहिलो. त्याच्याखाली पाच लांबट पट्ट्यांची छोटी पेटी आहे. एकाच वेळी एक किंवा अनेक पट्ट्या दाबायच्या; एकतीस जुळण्या होतात, म्हणजे इंग्रजी बाराखडी पुरून उरते. उजव्या हातानं जागा दाखवायची, डाव्यानं हुकूम द्यायचा, आणि कुठलाच हात जागचा हलवायचा नाही.

ही कामाची वाटणी पुढे टिकली. झेरॉक्सच्या १९८१च्या ‘स्टार’ संगणकाच्या कीबोर्डवर कॉपी, मूव्ह, डिलीट यांच्या स्वतंत्र कळा होत्या आणि त्या डाव्या बाजूला होत्या. लिसावर वेगळ्या कळांऐवजी साध्या अक्षरांवर काम भागवायचं होतं. उजवा हात माउसवर असताना डाव्याला सहज मिळणारी अक्षरं कोणती? हुकुमांसाठीच्या, ॲपलची खूण असलेल्या कळेजवळची, खालच्या ओळीतली. पी थेट उजव्या टोकाला. म्हणून मी म्हणतो, आधी जागा ठरली, अक्षरांचे अर्थ नंतर जुळले.

या मताला सर्वांत मोठा आधार विरुद्ध बाजूनं मिळतो. १९८७ साली आयबीएमनं सगळ्या प्रोग्रॅम्सना एकसारखं वळण लावण्यासाठी नियमावली काढली. त्यात कापायला शिफ्ट-डिलीट, कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट, पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट. या कळा उजवीकडे, बाणांच्या शेजारी. हे विचित्र वाटतं, पण तेव्हाच्या कितीतरी पीसींना माउसच नव्हता. बाणांनी मजकूर निवडायचा तर उजवा हात तिथेच असणार. शिवाय कंट्रोल-सी आधीच दुसऱ्याच कामाला लागलेलं होतं: डॉसमध्ये ते चालू काम थांबवायचं, वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये पुढचं पान आणायचं. ॲपलला ही अडचण आलीच नाही, त्यांनी हुकुमांसाठी वेगळी कळ ठेवली होती.

विंडोज ३.०च्या मेनूत आयबीएमच्याच जोड्या छापलेल्या दिसतात. १९९२च्या ३.१मध्ये झेड-एक्स-सी-व्ही आले; तोवर माउसही घरोघरी पोचत होता. जुन्या जोड्या मात्र काढल्या नाहीत. त्याची किंमत आजही मोजावी लागते: नोटपॅडमध्ये शिफ्ट-डिलीट निवडलेला मजकूर कापून हाताशी ठेवतं, फाइल निवडून तेच दाबलं तर ती कचरापेटीतही न जाता कायमची जाते.

जर्मन कीबोर्ड माझ्या मताला अडचणीचा आहे. तिथे झेड वर, वायच्या जागी आहे, म्हणजे शेजार तुटला. तरी मागे घेण्याची कळ झेडच. फ्रेंच कीबोर्डवरही झेड वरच्या ओळीत गेलं आहे, पण निदान डावीकडेच. याचा अर्थ मी असा लावतो की परदेशी पोचेपर्यंत सवय अक्षराला चिकटली होती.

एंगेलबार्टची पेटी मात्र मागे पडली. तिच्या जुळण्या पाठ कराव्या लागत, कुठल्या पट्टीनं काय होतं हे नवख्याला पडद्यावर कुठेच दिसत नसे. लिसानं हे दुरुस्त केलं. मेनू उघडला की कॉपी या शब्दासमोर, उजव्या कडेला, ॲपलची खूण आणि सी. माउसनं काम करता करता माणूस कळ शिकतो. माझ्या मते या चार अक्षरांच्या यशात जागेचा वाटा अर्धा, उरलेला अर्धा त्या उजव्या कडेचा.

मराठी इन्स्क्रिप्ट मांडणीत टंकताना सीच्या कळेवर म येतो, व्हीच्या कळेवर न. कंट्रोल दाबलं की त्याच कळा पुन्हा कॉपी आणि पेस्ट होतात, आणि इथे कीबोर्ड इंग्रजीचाच असल्यामुळे शेजारही शाबूत राहतो.