लॉयल्टी आणि तिच्या दोन बहिणी

ग्वाल्हेरातलं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल कोणतं असं विचारलं, तर कोणीही जयविलास महालातल्या चांदीच्या आगगाडीचं नाव घेईल. जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरणारी ती गाडी बघायला लोक लांबून येतात. माधवराव महाराजांना रेल्वेचं वेड होतं हे लष्करातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण याच माधवरावांनी १९१४ साली जवळजवळ १३९ मीटर लांबीचं, दोन धुराड्यांचं, खरंखुरं समुद्री जहाज विकत घेतलं होतं, हे सांगितलं की ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे बघतो. इथलं मोठं पाणी म्हणजे तिघरा. ग्वाल्हेरचा आणि जहाजाचा काय संबंध?

हा संबंध डोळ्यांना दिसावा म्हणून मंडळाच्या खोलीसाठी त्या जहाजाचं, म्हणजे ‘लॉयल्टी’चं, मॉडेल करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. हाताशी होता तो एका जुन्या हौशी कारागिराच्या संग्रहातून मिळालेला सुट्या भागांचा संच, १:३५० प्रमाणातला. पण तो लॉयल्टीचा नव्हता, तिच्या बहिणीचा होता: पहिल्या महायुद्धातली सशस्त्र क्रूझर ‘एम्प्रेस ऑफ जपान’. एका आराखड्यावर बांधलेल्या जहाजांना दर्यावर्दी लोक बहिणी म्हणतात. तेव्हा काम असं ठरलं, की एका बहिणीची दुसरी करायची. त्यात काय काढावं लागलं आणि काय घालावं लागलं, हे या टिपणात मांडतो, कारण ग्वाल्हेरचा नेमका वाटा किती होता याचा हिशोब त्यातूनच लागला.

तिघी बहिणी

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीने कॅनडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ टाकले, आणि मग व्हँकुव्हरपासून पुढे जपान-चीनपर्यंत प्रवासी व टपाल नेण्यासाठी तीन जहाजं बांधून घेतली. इंग्लंडच्या बॅरो-इन-फर्नेस इथल्या गोदीत तिघी तयार झाल्या: एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्प्रेस ऑफ चायना. आपली लॉयल्टी म्हणजे यातली थोरली, एम्प्रेस ऑफ इंडिया. ऑगस्ट १८९० मध्ये ती पाण्यात उतरली आणि एप्रिल १८९१ मध्ये व्हँकुव्हरला पोहोचली.

तिघींचं रूप सारखं. पांढरं अंग, फिकट पिवळी दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, आणि शिडाच्या जहाजासारखी पुढे झुकलेली डौलदार नाळ. प्रत्येकीचं वजनमाप सहा हजार टनांच्या जरा आत. दोन पंखे, ताशी सोळा सागरी मैलांचा वेग. वरच्या वर्गात श्रीमंत प्रवासी आणि खाली स्टीअरेजमध्ये सुमारे सहाशे माणसं, बहुतेक आशियाई. म्हणजे एकाच तारवात दोन दुनिया.

या कंपनीला ब्रिटिश सरकारची मदत होती आणि तिला एक अट जोडलेली होती: युद्ध आलंच तर ही जहाजं आरमाराला द्यायची. त्यांच्या बांधणीतच तोफा बसवण्याची सोय ठेवलेली होती. म्हणून एका बहिणीच्या संचात तोफा निघाल्या याचं नवल वाटायला नको. तशी एम्प्रेस ऑफ इंडियाही लढाई न करता एका युद्धनौकेला भारी पडली होती. ऑगस्ट १९०३ मध्ये तिची टक्कर एका चिनी क्रूझरशी झाली आणि बुडाली ती क्रूझर.

पुढे तिघींच्या वाटा फुटल्या. चायना जुलै १९११ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढून कायमची गेली. उरलेल्या दोघींचं काय झालं, ते १९१४ ठरवणार होतं.

डिसेंबर १९१४

त्या वर्षी ‘एमडेन’ या जर्मन क्रूझरने हिंदी महासागरात धुमाकूळ घातला होता. २२ सप्टेंबरच्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या. दक्षिणेत ‘एमडेन’ हा शब्द भाषेत शिरला, तो त्या रात्रीमुळे. नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने तिला कोकोस बेटांपाशी संपवलं. पण एमडेनने पकडलेलं ‘एक्सफर्ड’ हे कोळशाचं जहाज अजून जर्मनांच्याच ताब्यात होतं. डिसेंबरमध्ये सुमात्राच्या पाडांग बंदराबाहेर ते परत हिसकावून घेतलं एम्प्रेस ऑफ जपानने. ती तेव्हा तोफा चढवून आरमारात दाखल झालेली होती.

आणि त्याच डिसेंबर महिन्यात ग्वाल्हेर दरबारने तिची थोरली बहीण विकत घेतली, ती हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज करायला. एक बहीण तोफा घेऊन गस्त घालतेय, दुसरीत खाटा लागतायत. जानेवारी १९१५ मध्ये तिचं नाव बदलून लॉयल्टी झालं.

ही कल्पना माधवरावांना एकाएकी सुचली नव्हती. १९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी इथून फौजा गेल्या, तेव्हाही त्यांनी एक रुग्णालय-जहाज दिलं होतं. त्याचं नावच होतं ‘ग्वाल्हेर’. महाराज स्वतः त्या मोहिमेवर जनरल गॅसलींच्या हाताखाली गेले होते. त्या वेळी त्यांचं वय जेमतेम चोवीस. चौदा वर्षांनी दिलेलं दुसरं जहाज हे त्या अनुभवातूनच आलेलं आहे, असं मला वाटतं.

काय काढलं, काय घातलं

आता टेबलावरच्या कामाकडे येऊ. सांगाडा तोच राहणार होता: १:३५० ला सुमारे ४० सेंटिमीटर लांब, साडेचार सेंटिमीटर रुंद. धुराडी, डोलकाठ्या, होड्या यांना हात लावायचं कारण नव्हतं. बहिणी म्हणतात ते उगीच नाही.

पहिल्यांदा निघाल्या तोफा. ४.७ इंची तोफेची नळी या मापाला जेमतेम १४ मिलिमीटर, काडेपेटीतल्या काडीच्या निम्म्याहून लहान. बारीक करवतीने त्या बुडातून कापल्या, डेकवरची भोकं पुटीने भरली, घासली आणि सुईने फळ्यांच्या रेघा परत ओढल्या. जिनिव्हा कराराची तत्त्वं समुद्राला लागू करणाऱ्या १९०७ च्या हेग कराराप्रमाणे रुग्णालय-जहाजाचा लढाईसाठी वापर करता येत नाही. केला, तर त्याचं संरक्षण जातं. तेव्हा हे कापणं म्हणजे नुसती सजावट नव्हती. त्या जहाजाची कायद्यातली जातच बदलत होती.

मग निघाला ड्रॅगन. एम्प्रेस ऑफ जपानच्या नाळेवर ड्रॅगनची मूर्ती होती. ते जहाज मोडल्यावर ती जपून ठेवली गेली आणि व्हँकुव्हरच्या स्टॅन्ले पार्कमध्ये समुद्राकाठी आज तिची प्रतिकृती उभी आहे. जुन्या चित्रांतून या बहिणी ओळखायच्या तर खुणा अशाच शोधाव्या लागतात. नाळेवर ड्रॅगन किंवा डेकवर तोफा दिसल्या, तर फोटोखाली काहीही लिहिलेलं असो, ती आपली लॉयल्टी नाही. मी नाळ साधी ठेवली.

शेवटी रंग. आधीच्या कारागिराने लढाऊ करडा दिला होता, तो खरवडून पांढरा दिला. त्यावर पट्टा कोणता, इथे मात्र हात थांबला. त्याच हेग करारात रंगही ठरवून दिलेले आहेत: सैन्याच्या रुग्णालय-जहाजाला पांढऱ्या अंगावर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा, आणि खासगी माणसांनी किंवा संस्थांनी सजवलेल्या जहाजाला तेवढाच तांबडा. म्हणजे जहाज कोणाचं, हा प्रश्न रंगातच उभा राहतो. पैसा संस्थानिकांचा, मग तांबडा? की ताबा सैन्याचा, मग हिरवा? ब्रिटिश लष्कराच्या रुग्णालय-जहाजांच्या यादीत लॉयल्टीचं नाव येतं. म्हणून मी हिरवा घेतला, १:३५० ला सव्वाचार मिलिमीटरचा, आणि दोन्ही अंगांना तांबडे क्रॉस. दान ग्वाल्हेरचं, पण हुकूम साम्राज्याचा. तो हिरवा पट्टा हेच सांगतो.

नाव तेच, अर्थ दुसरा

लॉयल्टी म्हणजे निष्ठा, आणि ती कोणाशी, याबद्दल १९१५ मध्ये कोणाला शंका नव्हती: ब्रिटिश तख्ताशी. आज आपण अभिमानाने हे नाव घेतो तेव्हा ही गोष्ट गाळून चालणार नाही.

युद्ध संपल्यावर जहाज विक्रीला निघालं आणि मुंबईत वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतलं. वालचंद सोलापूरचे, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. मार्च १९१९ मध्ये या मंडळींनी कंपनी स्थापन केली, तिचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. जहाज शिंद्यांचं, म्हणून कंपनीही शिंद्यांच्या नावाची. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

आता तारखेकडे नीट बघा. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ होता. ‘राजनिष्ठा’ नावाचं जहाज हिंदी मालकीचं होऊन ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान द्यायला निघालं, आणि चोवीस तासांत मुंबईने दुकानं बंद केली. नाव कोणी बदललं नाही, पण त्याचा अर्थ तेवढ्यात पालटला होता.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. ५ एप्रिल आला की “भारताचं पहिलं जहाज” असे संदेश फिरतात. ते बरोबर नाही. ते बांधलं इंग्लंडात. आणि हिंदी मालकीची आगबोट कंपनी त्याआधीही होती. चिदंबरम पिल्लैंनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून कोलंबोपर्यंत बोटी चालवल्या आणि त्याची किंमत तुरुंगात मोजली. लॉयल्टीचं वेगळेपण आहे ते मुंबई-लंडन या लांब पल्ल्यात. एवढंही काही कमी नाही, उगाच वाढवून सांगायची गरज नाही.

ते धाडस जहाजाला फार काळ पेललं नाही. तिशी उलटलेलं, कोळसा खाणारं तारू १९२३ मध्ये मुंबईतच मोडीत निघालं. त्याच वर्षी ब्रिटिश कंपन्यांशी करार करून सिंदिया कंपनीला परदेशी मार्ग सोडून किनाऱ्यापुरतं राहावं लागलं. पण कंपनी टिकली. विशाखापट्टणमला तिनेच उभारलेल्या गोदीतून मार्च १९४८ मध्ये ‘जलउषा’ पाण्यात उतरलं, तेव्हा पंडित नेहरू हजर होते.

मॉडेलखालची पाटी

मॉडेल पूर्ण झाल्यावर पाटीवर काय लिहायचं यावर मंडळात बरीच चर्चा झाली. काहींना “ग्वाल्हेरचं जहाज” एवढंच पुरे वाटत होतं. माझं म्हणणं असं, की ग्वाल्हेरने हे जहाज बांधलं नाही, चालवलंही नाही. ग्वाल्हेरने एवढंच केलं, की जिच्यावर तोफा चढू शकत होत्या तिच्यात खाटा लावायला पैसा दिला. आणि त्यामुळेच ती पुढे मुंबईच्या बाजारात हिंदी हातांना मिळाली. धाकट्या बहिणीकडे बघितलं की हा फरक लगेच कळतो. तिला असा मालक मिळाला नाही. ती तोफा उतरवून परत आपल्या जुन्या मार्गाला लागली आणि व्हँकुव्हरला मोडली गेली.

शेवटी पाटीवर चार ओळी आल्या. बांधणी: बॅरो, १८९०, नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. खरेदी: ग्वाल्हेर दरबार, १९१४, रुग्णालय-जहाज लॉयल्टी. विक्री: सिंदिया कंपनी, मुंबई, १९१९. मोड: मुंबई, १९२३. आणि खाली बारीक अक्षरांत, कारण खरं ते लिहायलाच हवं: “मॉडेलचा सांगाडा मूळचा एम्प्रेस ऑफ जपानचा.”