वानवडीची छत्री, आयर्लंडचा खलाशी आणि आमचे आजोबा



परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून वाद झाला. बोलता बोलता एकजण म्हणाला, "बाहेरच्यांनी गाव भरलं, म्हणून पाणी पुरत नाही." बोलणारा स्वतः दहा वर्षांपूर्वी इथे आलेला. मी गप्प बसलो, पण ते मनातून जाईना. म्हणून आज एका 'बाहेरच्या'ची गोष्ट सांगतो. जरा लांब आहे, पण वाचा.

हडपसरवरून वानवडीला गेलं की शिंदे छत्री लागते. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे वानवडीतच वारले. आपण छत्री बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. पण महादजींच्या फौजेत कोण कोण होतं? कवायती पलटणी उभ्या करणारा द बोइन्य सावॉयचा. शिपायांत पुरबिये, रोहिले, गोसावी. आणि महादजींचे एक सरदार अप्पा खंडेराव, त्यांच्या चाकरीत होता जॉर्ज थॉमस, आयर्लंडमधल्या टिपरेरीचा गरीब कुळाचा पोरगा.

हा १७८१-८२ च्या सुमारास खलाशी म्हणून मद्रासला आला आणि जहाज सोडून पळाला. काही वर्षं दक्षिणेत पाळेगारांकडे काढली. १७८७ मध्ये दिल्लीकडे जाऊन सरधन्याच्या बेगम समरूच्या फौजेत शिरला. बेगमेने आपल्या पदरच्या एका मुलीशी त्याचं लग्न लावून दिलं. पुढे दरबारातल्या फ्रेंच अधिकाऱ्यांशी पटेना, म्हणून १७९३ च्या सुमारास तो अप्पा खंडेरावांकडे आला. अप्पांनी त्याला परगणे दिले, झज्जरचाही दिला.

१७९५ मध्ये बेगमेच्याच पलटणींनी बंड करून तिला कैद केलं. तेव्हा जिच्या दरबारातून बाहेर पडावं लागलं होतं तिच्या मदतीला हाच धावून गेला आणि तिला गादीवर परत बसवलं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

१७९७ मध्ये आजाराला कंटाळून अप्पांनी यमुनेत जीव दिला. वारस वामनरावाशी थॉमसचं बिनसलं. मग त्याने हरियाणातल्या ओसाड हांसीत स्वतःचं राज्य मांडलं. पडका किल्ला बांधून काढला, तोफा ओतल्या, टांकसाळ घातली. त्याच्या नावाचा किल्ला जॉर्जगढ. लोकांच्या तोंडी त्याचं झालं जहाजगढ, आणि झज्जर जिल्ह्यातलं ते गाव आजही त्याच नावाने आहे.

उगाच देव्हाऱ्यात बसवू नका त्याला. शेजारच्या मुलखावर स्वाऱ्या करून, खंडणी उकळून त्याची फौज जगत होती. त्या काळचे बहुतेक सरदार तेच करत. शेवटी १८०१ मध्ये दौलतराव शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याच्या फौजेने त्याला जहाजगढला आणि मग हांसीला घेरलं. राज्य गेलं. जीव घेऊन इंग्रजांच्या मुलखात निघाला, मायदेशी जायचं म्हणून. कलकत्त्याच्या वाटेवर, बहरामपूरला, १८०२ च्या ऑगस्टमध्ये वारला. वय पंचेचाळीसच्या आसपास.

बायको, तीन मुलगे आणि एक मुलगी? त्यांना तो बेगम समरूकडे ठेवून निघाला होता. ते आयर्लंडला गेले नाहीत. बेगमेने त्यांना सांभाळलं. बाप घरी चालला होता, पोरांचं घर मात्र हेच होतं. मरायच्या आधी त्याने आपली हकीकत एका इंग्रज अधिकाऱ्याला सांगितली. सांगताना तो म्हणाला होता म्हणे, फारसीत सांगू का, ती जास्त सवयीची झालीय! वीस वर्षांत माणसाची जीभसुद्धा इथली झाली होती.

आता आमचं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आजोबा परांड्याकडून निघाले. बार्शीच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने मांजरी स्टेशन. बरोबर आजी, दोन पोरं आणि एक पितळी हंडा. उसाच्या फडात कामाला लागले. पहिल्या रात्री एका मळेकऱ्याच्या पडवीत झोपले, त्या घरच्या बाईने भाकरी आणि ठेचा दिला. आजी मरेपर्यंत त्या भाकरीचं नाव काढायची. आमच्यासाठी बेगम समरू तीच.

आजोबा शेवटपर्यंत "आमच्याकडं" म्हणायचे ते परांड्याला. वडील "आमच्याकडं" म्हणतात ते मांजरीला. माझ्या मुलीला तर प्रश्नच पडत नाही.

२०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं. पाणी, रस्ते, ड्रेनेज यांवर भांडूच, भांडलंच पाहिजे. पण भांडण पालिकेशी करूया, शेजाऱ्याच्या मूळगावाशी नको. नळाला पाणी का नाही याचं उत्तर कोणाच्या आजोबांच्या गावात सापडणार नाही.

तुमच्या घरातलं पहिलं माणूस मांजरीत कधी आलं, कुठून आलं, आणि पहिल्या रात्री त्याला भाकरी कोणी दिली? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि इथे लिहा. ती माणसं आहेत तोवर.