तिजोरीची किल्ली

आपल्या चळवळीने पाणवठ्याचा इतिहास लिहिला, मंदिराच्या दाराचा लिहिला, शाळेच्या पायरीचाही लिहिला. निविदेचा इतिहास मात्र आपण अजून लिहिलेला नाही. रस्ता कोणत्या पेठेत आधी झाला, गटार कोणत्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबले, झाडू कोणाच्या हाती दिला आणि त्या झाडूचा पगार किती खिशांतून फिरून त्या हातापर्यंत आला, हे सारे शहरातल्या एखाद्या समितीच्या टेबलावर ठरत आले आहे. जात पोथीत राहते हे आपण जाणतो. ती अंदाजपत्रकातही राहते, हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

हा विषय मी केवळ अभ्यासक म्हणून हाती घेतलेला नाही. माझे आजोबा सोलापुरात झाडूखात्यात होते. अक्षरओळख नव्हती, पगारपत्रकावर अंगठा उमटवीत. पण नोकरी कायम होती. फंड होता, आजारपणाची रजा होती, निवृत्तीनंतर पेन्शन होती. त्या पेन्शनीतून माझी परीक्षेची फी भरली गेली आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो. माझा आतेभाऊ आज दुसऱ्या एका शहरात तेच काम एका ठेकेदाराकडे करतो. त्याची हजेरी मुकादमाच्या वहीत. ठेका बदलला की त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. त्याला पेन्शन नाही. त्याच्या मुलीची फी कोठून येणार? दोन पिढ्यांत झाडू तोच राहिला, जात तीच राहिली. बदलला तो कागद. त्या कागदाचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

१

आरंभ जोतीराव फुल्यांपासून करावा लागतो. फुले हे समाजक्रांतिकारक होते हे सर्वांना ठाऊक आहे. ते कंत्राटदार होते आणि पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे आपण ओझरते सांगून पुढे जातो. 'पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'शी त्यांचा संबंध होता. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरविला. सत्यशोधक समाजाला मुंबईतील रामय्या व्यंकय्या अय्यावारूंसारख्या तेलुगू कंत्राटदारांचे मोठे साहाय्य होते. म्हणजे कंत्राट ही गोष्ट मुळातच पाप आहे, असे आपल्या परंपरेने कधी मानले नाही. बांधकाम खात्यातली लबाडी फुल्यांनी आतून पाहिली होती, म्हणूनच इंजिनियर खात्यावर ते इतक्या नेमकेपणाने लिहू शकले.

१८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेत नियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याची सूचना पुढे आली, तेव्हा ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी असे त्यांनी मांडले. सभागृहात ते एकटे पडले. मंडईच्या भव्य इमारतीवर लाखो रुपये घालण्यालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. नाव देणे सोपे असते. खर्चाचा क्रम बदलणे अवघड असते. फुल्यांचा सवाल रकमेच्या आकड्याबद्दल नव्हता. पैसा रयतेचा, आणि तो कोणावर खर्चायचा हे रयतेला विचारले का, हा तो सवाल होता.

दुसरे उदाहरण महाडचे. १९२३ साली सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी कोणाला घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. महाडकडे आपण मानवी हक्काचा लढा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, म्हणजे सार्वजनिक पैशाच्या व्यवस्थेतले होते. ठराव करणारा हात आणि अंमल करणारा हात यांच्यामधल्या पोकळीत अस्पृश्य उभा होता. ती पोकळी आजही आहे. तिचे नाव बदलले आहे इतकेच.

२

आता सोलापूर. येथील नगरपालिका १८५२ ची, म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. गिरण्यांनी या गावाचे शहर केले. जुनी गिरणी, नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू; भोंग्यांवर गाव उठे आणि निजे. १९३० च्या मे महिन्यातले सोलापूर, त्यानंतरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले चार हुतात्मे, यांमुळे शहराला मोठा राजकीय लौकिक लाभला. १९३८ च्या जानेवारीत याच नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. हा इतिहास अभिमानाचा आहे. पण गिरणीच्या चाळीमागचा मैला कोण वाहत होते, त्याला किती दाम मिळे आणि तो दर कोणी ठरविला, याचे पान त्या इतिहासात सापडत नाही. दीर्घकाळ मतदार तोच, जो मिळकतीवर कर भरी. ज्याच्या नावावर मिळकत नाही तो गाव झाडायचा. गावाचा खर्च ठरवायचा नाही.

१९६४ मध्ये महानगरपालिका झाली. वारदांच्या इंद्रभुवनात कारभार सुरू झाला आणि १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू झाला. हल्ली त्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. या कायद्याची रचना विद्यार्थ्यांनी एकदा नीट समजून घ्यावी. सर्वसाधारण सभा धोरण ठरविते, आयुक्त अंमल करतात, आणि या दोहोंच्या मध्ये सोळा सदस्यांची स्थायी समिती बसते. दर वर्षी तिचे निम्मे सदस्य निवृत्त होतात. आयुक्तांचे अंदाजपत्रक आधी तिच्याकडे येते. ठरावीक रकमेच्या वरचा कोणताही ठेका तिच्या मंजुरीशिवाय होत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा मागवाव्यात असा नियम आहे. पण कारणे नोंदवून निविदेशिवायही ठेका देण्याची मुभा समिती देऊ शकते. सर्वांत कमी दराचीच निविदा घेतली पाहिजे असेही बंधन नाही. सर्व परिस्थिती पाहता जी फायद्याची, ती घ्यावी. 'सर्व परिस्थिती' या दोन शब्दांत किती गोष्टी मावतात!

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. बुधवार पेठेतला, मिलिंद नगरातला माणूस हक्काने सभागृहात आला. महापौरपदही आळीपाळीने आरक्षित होऊ लागले. पण स्थायी समितीत असे आरक्षण नाही. तिचे सदस्य पक्षांच्या संख्याबळानुसार नेमले जातात आणि ती नावे पक्षाचा नेता देतो. तिचे सभापतिपदही आरक्षणाच्या बाहेर आहे. मानाची खुर्ची आरक्षित, तिजोरीची खुर्ची खुली. ही केवळ तांत्रिक बाब आहे असे मला वाटत नाही. आपला नगरसेवक सभागृहात भाषण करतो. त्याच्या वस्तीतल्या गटाराची फाईल मात्र ज्या खोलीत फिरते, तिथे त्याला पक्षाच्या मर्जीने जावे लागते.

३

निविदेची वाट थोडक्यात सांगतो, कारण आपले अनेक कार्यकर्ते मोर्चा नेतात तो फाईल मंजूर होऊन गेल्यावर. आधी अभियंता अंदाजपत्रक करतो. मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदेची जाहिरात. मग दोन लिफाफे, एक पात्रतेचा व एक दराचा. मग समितीची मंजुरी, कार्यादेश, मोजमाप पुस्तक आणि शेवटी देयक. यात पात्रतेचा लिफाफा सर्वांत महत्त्वाचा. किती वर्षांचा अनुभव, किती उलाढाल, किती अनामत, या अटींतच कोण येणार हे पुष्कळदा ठरून जाते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता धारण करू दिली नाही, त्याच्या पोराकडे उलाढालीचा दाखला मागायचा आणि तो नाही म्हणून त्याला अपात्र ठरवायचे. यात जातीचे नाव कोठेही लिहावे लागत नाही. दुसरी युक्ती कामाचे तुकडे पाडण्याची. मर्यादेच्या आत बसतील असे लहान तुकडे केले की वरची मंजुरीच लागत नाही.

आता झाडूचा ठेका पाहा. ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा कमी दर भरतो; बाजारात याला 'बिलो जाणे' म्हणतात. रस्त्याच्या कामात बिलो गेलेला पैसा डांबराच्या थरातून निघतो, आणि पहिल्या पावसात साऱ्या गावाला तो दिसतो. पण सफाईच्या ठेक्यात खर्चाचा मोठा वाटा मजुरीचाच असतो. तिथे बिलो गेलेला पैसा झाडणाऱ्या बाईच्या मजुरीतून, तिच्या फंडातून, तिच्या हातमोज्यातून निघतो. तो खड्डा कोणाला दिसत नाही. सभागृहात मात्र 'इतके लाख वाचविले' अशी नोंद होते. मी ही साधी आकडेमोड वर्गात फळ्यावर करून दाखवितो, तेव्हा मागच्या बाकावरची काही मुले माना खाली घालतात. त्यांच्या आया कोठे कामाला आहेत ते मला विचारावे लागत नाही.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती. तिच्या आत राहावे म्हणून मुंबईत कचरा उचलण्याचे ठेके लहान लहान करून दिले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. पुढे २०२० च्या श्रमसंहितेने ती मर्यादाच ५० वर नेली. मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. प्रत्यक्ष किंवा ठेकेदारामार्फत, कसेही उतरविण्यास. मृताच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली याचा अर्थ मरण थांबले नाही, असाही होतो.

४

इतक्यात किल्लीची खोलीच बदलली. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकाने निवडले गेले. केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढीच राज्याची व महानगरपालिकेची भर, असा हा आराखडा. हा पैसा खर्चायला कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी काढावी लागली. तिच्या संचालक मंडळावर अधिकारी आणि मोजके लोकप्रतिनिधी. तिचे ठेके ती स्वतः मंजूर करते. शहराचा निवडलेला भाग उजळला, पार्क स्टेडियम नवे झाले. पण उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे होऊनही ज्या शहराने वर्षानुवर्षे तीन-चार-पाच दिवसांआड नळाचे पाणी पाहिले, त्या शहरातल्या वस्त्यांना हा क्रम कोणी ठरविला हे विचारायला सभागृह उरले नाही. मग २०२२ च्या मार्चमध्ये महानगरपालिकेची मुदत संपली. पुढची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधला सारा काळ प्रशासकाचा. प्रस्ताव आयुक्तांचा आणि त्याला समितीची मंजुरी देणारेही तेच, प्रशासक म्हणून.

निवडून आलेली समिती साधुसंतांची असते असे मी म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात 'टक्केवारी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण भ्रष्ट सभागृहावरचा उपाय सभागृहच नको, हा नव्हे. सभागृहात निदान ओरडता येते आणि ते ओरडणे इतिवृत्तात उतरते. कंपनीच्या बैठकीबाहेर आपण फक्त फलक वाचीत उभे राहतो.

५

मग करावयाचे काय? सोलापूरच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकाने शासकीय कामांच्या ठेक्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी वाटा राखून ठेवला. आधी ५० लाखांपर्यंतच्या कामांत, पुढे २०२३ मध्ये एक कोटीपर्यंत. २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्याने शासकीय खरेदीत दलितांचा वाटा मागितलाच होता. ही मागणी आपणही लावून धरली पाहिजे. पण तेवढ्याने भागणार नाही. उद्या ठेकेदार आपला झाला आणि झाडणारी बाई बिलोच्या दरातच राहिली, तर तिला त्या आपलेपणाचा काय उपयोग? म्हणून पहिली मागणी कायम नोकरीची, दुसरी ठेक्यातल्या वाट्याची. हा क्रम उलटता कामा नये.

आणि वाचन. बाबासाहेबांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर १९२५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या जयंत्यांत त्या ग्रंथाचा उच्चार क्वचित होतो. पैसा कोण गोळा करतो आणि कोण खर्चतो यावरून सत्तेचा खरा पत्ता लागतो, हे त्या अभ्यासातून शिकता येते. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक, समितीचे इतिवृत्त, लेखापरीक्षणाचा अहवाल, मोजमाप पुस्तक ही आपल्या अभ्यासमंडळांची पाठ्यपुस्तके झाली पाहिजेत. २००५ च्या माहिती अधिकाराने ती मागता येतात. प्रत्येक वस्तीतल्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीवर मागच्या पाच वर्षांत किती मंजूर झाले, किती खर्च झाले आणि त्या कामावर कोण राबले, इतके जरी लिहून काढले, तरी कोणत्याही शहराच्या इतिहासाला नवे पान जोडले जाईल.

चवदार तळ्याचे पाणी आपण घेतले. त्या तळ्याचा खर्च कोण मंजूर करतो आणि त्याचा गाळ कोणाकडून कोणत्या दराने काढून घेतला जातो, हे विचारणे अद्याप बाकी आहे.