चंद्रावरील थोरियम आणि अणुऊर्जा

चंद्राच्या मातीतून थोरियम व युरेनियम वेगळे काढून तिथेच वीज निर्माण करण्याची संकल्पना. चंद्रावरची रात्र पृथ्वीच्या सुमारे 14 दिवसांइतकी असते; एवढ्या काळोखात केवळ सौरपट्ट्यांच्या जोरावर मानवी तळ चालवणे फार अवघड आहे.

‘लूनर प्रॉस्पेक्टर’ या अमेरिकी यानाने 1998-99 मध्ये गॅमा किरणांच्या मापनावरून चंद्रावरील थोरियमचा नकाशा तयार केला. पृथ्वीकडील बाजूच्या ओशनस प्रोसेलारम व मारे इंब्रियम परिसरात त्याचे प्रमाण ठळकपणे जास्त आहे. जपानच्या ‘कागुया’ यानाने पुढे युरेनियमचीही नोंद केली. मात्र समृद्ध भागातही टनभर मातीत थोरियम असते साधारण 10 ग्रॅम. याउलट केरळच्या मोनाझाइट या खनिजामध्ये थोरियम ऑक्साइड 8 ते 10 टक्के भरते. त्यामुळे प्रचंड माती उपसावी लागेल आणि रासायनिक शुद्धीकरणाचा अख्खा कारखानाही न्यावा लागेल.

शिवाय थोरियम-232 हे थेट इंधन नव्हे. न्यूट्रॉन शोषल्यावर त्यापासून प्रोटॅक्टिनियम-233 व अखेर युरेनियम-233 बनते. म्हणजे पहिली अणुभट्टी पृथ्वीवरच्या इंधनानेच पेटवावी लागणार. युरेनियम-233 वर भट्टी चालते, हे कल्पक्कमच्या ‘कामिनी’ अणुभट्टीने दाखवले आहे.

स्थानिक मातीचा सर्वांत जवळचा उपयोग वेगळाच आहे: भट्टी खड्ड्यात बसवून किरणोत्सर्गाला आडोसा करणे. त्याने जड कवच वाहून नेण्याचा भार वाचेल. अंतराळात अणुभट्टी नवी नाही: अमेरिकेची ‘स्नॅप-10ए’ भट्टी 1965 मध्ये पृथ्वीभोवतीच्या कक्षेत 43 दिवस चालली. चंद्रावर मात्र अद्याप एकही भट्टी उभारलेली नाही.