गळाचा दोर आणि त्याची गाठ

वाचकहो, कर्जतची उल्हास आणि खालापूरची पाताळगंगा या नद्यांच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. तेथून सुटणारे पाणी पाताळगंगेत व पेज नदीत उतरते, म्हणून भर उन्हाळ्यातही येथे पाणी असते नि मासळी मिळते. कित्येक कातकरी घरांचे कालवण त्या गळावर, आणि गळ दोराच्या गाठीवर अवलंबून!

ही विद्या जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांची आमिषे, गळाने मासा धरण्याची रीत, सारे त्यात येते. राजाचा तो विनोद. गरिबाचे मात्र पोट.

पूर्वी दोर सुताचा किंवा झाडाच्या तंतूंचा असे. तो खरखरीत, भिजला की फुगे आणि गाठ घट्ट बसे. आजोबांची साधी गाठ त्यावर चालून जाई. पुढे १९३५ साली अमेरिकेत करोदर्स या शास्त्रज्ञाने नायलॉन तयार केले; १९३८ साली ते जाहीर झाले. त्याचाच एकेरी धागा म्हणजे आपला तंगूस. मजबूत खरा, पण काचेसारखा गुळगुळीत. जुनी गाठ त्यावरून हळूच सरकते आणि मासा गळासकट जातो. दोर बदलला, गाठ तीच राहिली, हे त्याचे कारण.

मग जोड कसा द्यावा? दोन्ही दोर सारख्या जाडीचे असतील तर टोके समोरासमोरून एकमेकांवर आणा. प्रत्येक टोकाचे दुसऱ्या दोराभोवती पाचेक वेढे द्या, आणि दोन्ही टोके मधल्या फटीतून विरुद्ध बाजूंनी काढा. एक जाड, एक बारीक असेल तर दोन्ही शेजारी धरून एकच फास करा. बारक्या दोराचे टोक आणि जोडायचा आखूड तुकडा सबंध, असे दोन्ही मिळून त्यातून दोनदा ओवा. डुलत्या लहान होडीतही ही गाठ जमते. मात्र आवळण्यापूर्वी ती ओली करा, बरं का! कोरडा तंगूस घासून तापतो नि कमजोर होतो.

शिक्षकबंधूंनी वर्गात सुताला व तंगुसाला एकच साधी गाठ मारून खाली दगडांची पिशवी टांगावी. मुलांना इतिहास डोळ्यांनी दिसेल. आणखी एक सांगावे : तुटलेले सूत नदीत कुजून जाई, तंगूस वर्षानुवर्षे राहतो आणि पाखरांच्या पायांत गुंततो. तुकडे घरी आणावेत.