लिपी नसलेल्या लोकांचे गड

किल्ला म्हटला की तुम्हांआम्हांला तट, बुरूज आणि चोरदरवाजे आठवतात. आज ज्या गडांचा विचार करावयाचा आहे, त्यांत यांपैकी काहीच नाही. जपानच्या उत्तरेस होक्काइदो बेटावर ऐनू लोकांनी टेकड्यांच्या माथ्यांवर आणि समुद्रकाठच्या कड्यांवर जी स्थळे बांधली, त्यांना ‘चाशी’ म्हणतात. चाशी म्हणजे कुंपण. मोक्याची जागा हेरावयाची, ज्या बाजूने चढ सोपा त्या बाजूस चर खणावयाचा, माती कडेला रचावयाची आणि लाकडी मेढेकोट उभारावयाचा, अशी ही बांधणी. लाकूड केव्हाच कुजून गेले. चर आणि खांबांचे खळगे तेवढे उरले. अशी पाचशेंहून अधिक स्थळे आज ज्ञात असून बहुतेक १६ व्या ते १८ व्या शतकांतील आहेत.

ऐनूंना लिपी नव्हती. मग काळ ठरवावयाचा कसा? येथे ज्वालामुखी साक्षीला येतात. उसू पर्वताचा १६६३ चा आणि तारुमाए पर्वताचा १६६७ व १७३९ चा उद्रेक यांची राख थरांच्या रूपाने जमिनीत आहे. राख चराच्या तळाशी साठली असेल, तर चर त्या उद्रेकापूर्वीचा. राखेचा थर फोडून चर खणला असेल, तर तो नंतरचा.

आता प्रश्न असा, की हे केवळ लढाईचे गड होते काय? १६६९ साली शाकुशाइन या नायकाने मात्सुमाए सरदारांच्या जाचक व्यापाराविरुद्ध युद्ध पुकारले. त्याचे ठाणे शिबेचारी येथील चाशी होते. तहाच्या मेजवानीला बोलावून त्याला दग्याने ठार केले गेले. या युद्धाचा लेखी वृत्तांत आहे तो जपानी पक्षाचा. तेवढाच वाचला, तर चाशी म्हणजे बंडखोरांचे अड्डे असे वाटावे.

परंतु रिकुबेत्सु येथील युकुएपिरा चाशीच्या उत्खननात हरणांच्या हाडांचे मोठे साठे सापडले. चर खणताना निघालेली पांढरी ज्वालामुखी राख वर पसरल्यामुळे तो माथा दुरूनही शुभ्र दिसत असावा. लपण्याची जागा कोणी अशी दिसेलशी करीत नाही! टेहळणी, तंट्यांचा निवाडा, धार्मिक विधी अशा कामांसाठीही चाशींचा उपयोग होत असे, असे संशोधक मानतात. ऐनूंच्या मौखिक वीरगाथांत तर चाशी हे नायकाचे घरच असते.

नेमुरो द्वीपकल्पावरील २४ चाशींना १९८३ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. ऐनू हे तेथील मूळ रहिवासी आहेत, हे मान्य करणारा ठराव जपानी संसदेने २००८ साली केला; कायद्यात ती मान्यता येण्यास २०१९ साल उजाडले. म्हणजे माणसांच्या आधी त्यांच्या चरांना मान मिळाला. इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती लेखणी असते, हे खरे. पण ज्यांच्या हाती ती नव्हती, त्यांची बाजू मातीने राखून ठेवली आहे. ती विचारणे हे आपले काम.