बारा यार्डांवरचा एकटा माणूस

१९९४ सालचा जुलै महिना. रविवारची रात्र उलटून सोमवार लागला होता. अमेरिकेतल्या पासाडेना गावी भर दुपारच्या उन्हात विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा आमच्या यवतमाळात रात्रीचा एक वाजला होता. बाहेर पावसाची रिपरिप, आत शेजाऱ्याच्या बैठकीत एक टीव्ही आणि त्याभोवती आम्ही दहा-बारा जण. ब्राझील आणि इटली एकशेवीस मिनिटं खेळले आणि एकही गोल झाला नाही. मग पेनल्टी किक सुरू झाल्या. शेवटी इटलीचा रॉबेर्तो बॅजियो पुढे आला. त्यानं मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून आभाळात गेला. ब्राझील ३-२ असा जिंकला आणि विश्वचषकाचा निकाल पहिल्यांदाच पेनल्टींवर लागला.

झोप कुणाला लागणार? उजाडताच आम्ही दत्त चौकात चहाला जमलो. आपल्याकडे चहाच्या टपरीवर सरकार चालवता येतं, तिथं फुटबॉल काय मोठी गोष्ट! एक म्हणाला, "अबे, इतक्या जवळून तं मायी म्हातारीबी गोल मारन!" दुसरा म्हणाला, "पैसे खाल्ले असतीन लेकाच्यानं." सगळ्यांचं एकच मत पडलं, की बॅजियोनं विश्वचषक घालवला.

आमच्यातला एक जण मात्र गप्प होता. त्याच्याकडे मी नंतर येतो. आधी ही पेनल्टी कुठून आली, ते पाहू.

उत्तर आयर्लंडमध्ये आर्मा शहराजवळ मिलफर्ड नावाचं गाव आहे. तिथं मॅक्रम घराण्याची लिननची गिरणी होती. लिनन म्हणजे जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचं कापड. आपण ज्या जवसाची चटणी खातो, तेच हे जवस. गिरणीमालकाचा मुलगा विल्यम मॅक्रम गावच्या संघाचा गोलरक्षक होता. संघ असा, की १८९०-९१ च्या पहिल्या आयरिश लीगमध्ये सगळे सामने हरून तळाला राहिला. त्या काळी गोल होणार असं दिसलं, की बचाव करणारे खुशाल पाय घालून पाडत किंवा हातानं चेंडू अडवत. शिक्षा म्हणून साधी फ्री किक मिळे आणि अख्खा संघ गोलासमोर भिंत करून उभा राही. मॅक्रमनं सुचवलं, की अशा वेळी मारणारा एक आणि अडवणारा एक, एवढेच समोरासमोर असावेत.

इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित मंडळींना ही सूचना अपमानास्पद वाटली. सभ्य गृहस्थ मुद्दाम लबाडी करतात असं त्यातून सूचित होतं, हा त्यांचा आक्षेप! पण १८९१ च्या फेब्रुवारीत एफए कपच्या एका सामन्यात नॉट्स काउंटीच्या खेळाडूनं गोलरेषेवर चेंडू हातानं अडवला. स्टोकला फ्री किक मिळाली, पण समोर सगळा संघ उभा, तेव्हा तिचा उपयोग शून्य. स्टोक तो सामना हरलं. त्यानंतर विरोध मावळला आणि २ जून १८९१ रोजी पेनल्टीचा नियम मंजूर झाला. सुरुवातीला बारा यार्डांच्या रेषेवरून कुठूनही मारता येई. आजचा ठरावीक ठिपका १९०२ साली आला.

म्हणजे पेनल्टी जन्माला आली ती एका अन्यायावरचा उपाय म्हणून. अख्खा सामना एका माणसाच्या खांद्यावर टाकावा, असा तिचा हेतू नव्हता. ते काम पुढं एकोणऐंशी वर्षांनी झालं. बरोबरीत सुटलेला सामना पूर्वी पुन्हा खेळवत, नाहीतर चक्क नाणं उडवत. १९६८ साली युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत रशिया यांचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि नाण्यानं इटलीला अंतिम फेरीत नेलं. नशिबावर असा निकाल लागावा हे कुणालाच पटेना. म्हणून १९७० साली पाच-पाच पेनल्टींची पद्धत मान्य झाली. नाण्यापेक्षा ती बरी, यात शंका नाही. पण एक फरक पडला. नाणं उलटं पडलं तर नाण्याला कुणी शिव्या देत नाही. पेनल्टी हुकली की शिव्या खायला एक माणूस मिळतो.

आता पुन्हा दत्त चौकात येऊ. आमचा जो गप्प मित्र होता, त्यानं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "बॅजियोच्या आधी इटलीच्या किती हुकल्या? त्यायचं नाव सांगा."

कुणालाच पटकन सांगता येईना. मग आम्ही बोटांवर मोजू लागलो. इटलीची पहिलीच पेनल्टी कर्णधार फ्रँको बरेसीनं वरून मारली होती. हा माणूस गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन महिन्याच्या आत मैदानात उतरला होता. चौथी मस्सारोची, ती ब्राझीलच्या ताफारेलनं अडवली. ब्राझीलच्या मार्सिओ सँटोसचीही पहिली पेनल्टी अडली होती. बॅजियो पाचवा आला तेव्हा ब्राझील ३-२ पुढे होता. त्यानं गोल केला असता तरी ३-३ झाले असते आणि ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लकच होती. म्हणजे त्याच्या गोलानं विश्वचषक मिळाला नसता. निकाल फक्त लांबला असता. आणि मुळात इटली तिथवर पोचली कशी? बाद फेरीत नायजेरियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध एक आणि बल्गेरियाविरुद्ध दोन असे पाच गोल याच बॅजियोनं केले होते. अंतिम सामन्यात तर तो दुखऱ्या पायानं खेळत होता.

टपरी जरा शांत झाली. मग मित्र माझ्याकडे वळला. "आन तुले आठवते का रे, हाफटाइमच्या आधी रिकाम्या गोलात तू बॉल बाहेर मारला होता?"

तो १९९४ बद्दल बोलत नव्हता, १९७६ बद्दल बोलत होता. पोस्टल मैदानावर आमच्या शाळेचा अंतिम सामना होता. आम्ही एका गोलानं मागं होतो. शेवटच्या मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली, ती यानं मारली आणि चेंडू खांबाला लागून परत आला. आम्ही हरलो. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'पेनल्टी' पडलं. वर्गात पेनल्टी, बाजारात पेनल्टी, त्याच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा पेनल्टी. त्यानं नंतर कधी बूट घातले नाहीत. आणि पहिल्या अर्ध्यात गोलरक्षक पुढं आलेला असताना, समोर गोल मोकळा असताना, मी चेंडू बाहेर मारला होता हे अठरा वर्षांत कुणी काढलं नाही. मीही नाही. उलट त्याला त्या नावानं हाक मारणाऱ्यांत मी होतो.

मंडळी, चूक मोजण्याची आपली ही पद्धत मोठी विचित्र आहे. शेवटची चूक दिसते, म्हणून ती सगळ्यात मोठी वाटते. १९८६ साली शारजात मियाँदादनं शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. चेतन शर्माचा तो एक चेंडू आपण आजही विसरत नाही, पण त्याच सामन्यात त्यानं तीन बळी घेतले होते हे किती जणांच्या लक्षात आहे? आपल्या कापसाच्या मुलखात हंगाम बुडाला की पाऊस, बियाणं, भाव, कर्ज अशी दहा कारणं असतात, पण चावडीवर बोट एकाच माणसाकडे जातं. ते बोट किती खोल लागतं, हे यवतमाळ जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

परदेशातही असंच. त्याच १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला. संघ बाहेर पडला. तो मायदेशी परतला आणि २ जुलैला मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९९८ च्या विश्वचषकात चिलीविरुद्ध इटली हरत असताना पेनल्टी मिळाली. ती मारायला बॅजियोच पुढे आला, आणि या वेळी गोल झाला.

आपल्या शेजारच्या गोव्यातही असंच घडलं. लक्ष्मीकांत कट्टीमणी हा तिथला गोलरक्षक. २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावजवळ फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. घरचा संघ एफसी गोवा शेवटच्या मिनिटापर्यंत चेन्नईयिनविरुद्ध २-१ पुढे होता. नव्वदाव्या मिनिटाला कट्टीमणीकडूनच चेंडू स्वतःच्या गोलात गेला. लगेच आणखी एक गोल झाला आणि गोवा ३-२ हरला. घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर! पुढं २० मार्च २०२२ ला त्याच मैदानावर त्याच स्पर्धेचा अंतिम सामना झाला. कट्टीमणी आता हैदराबादकडून खेळत होता, समोर केरळा ब्लास्टर्स. १-१ बरोबरीनंतर पेनल्टी आल्या. त्यानं तीन जणांच्या पेनल्टी अडवल्या. त्यांतली एक पंचांनी पुन्हा मारायला लावली, तर तीही त्यानं पुन्हा अडवली. हैदराबाद ३-१ जिंकलं. कट्टीमणीला तिथवर पोचता आलं, कारण २०१५ नंतर कुणीतरी त्याच्या हातात पुन्हा हातमोजे दिले होते.

आमच्या मित्राला आम्ही बूट पुन्हा दिले नाहीत. त्या सोमवारी सकाळी टपरीवर मी सगळ्यांसमोर कबूल केलं, की हो, तो रिकाम्या गोलातला चेंडू मीच बाहेर मारला होता. तो एवढंच म्हणाला, "चाल, चहाचे पैसे तू दे मंग."

मी दिले. तेव्हापासून मी त्याला त्याच्या नावानं हाक मारतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)